वारा कोठून, वारा कोठे?

विरारच्या स्थानकावर सकाळी उभे राहिले असता ‘चर्चगेट गाडी’ लागल्याची घोषणा कानी पडते. संध्याकाळी चर्चगेटला तीच गाडी ‘विरार गाडी’ म्हणून ओळखली जाते. गाडी जेथे जावयाची असते त्या गावाचे नाव तिला मिळते. ती कोठून निघाली याची चौकशी कोणी उतारू करीत नाही. वाऱ्याचा व्यवहार मात्र याच्या अगदी उलट आहे. पश्चिमेचा वारा म्हणजे पश्चिमेकडून येणारा वारा. तो जातो पूर्वेस, पण पूर्वेचे नाव त्यास कोणी देत नाही. ही रीत आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की ती माणसांनी केलेली एक निवड आहे, हे ध्यानातही येत नाही. परंतु गेल्या अर्धशतकात, विमानाच्या उड्डाणाचा हुबेहूब आभास निर्माण करणाऱ्या संगणकीय आज्ञावली जेव्हा लिहिल्या जाऊ लागल्या, तेव्हा हा जुना प्रश्न पुन्हा पुढे आला. वाऱ्याची दिशा सांगावयाची ती तो जेथून येतो ती, की जेथे जातो ती? या प्रश्नाचा इतिहास आज आपणांपुढे ठेवावयाचा आहे, आणि त्याचा आरंभ करण्यासाठी वसईचा किनारा सोडून जाण्याचे कारण नाही.

आपल्या किनाऱ्यावर दोन वारे नित्याचे. दिवसा जमीन तापते, तिच्यावरील हवा वर चढते आणि तिची जागा घेण्यासाठी समुद्रावरची गार हवा आत शिरते. हा खारा वारा. रात्री जमीन लवकर निवते, समुद्र त्या मानाने उबदार राहतो, आणि हवा उलट जमिनीकडून समुद्राकडे वाहू लागते; हा मतलई वारा. यंत्राच्या होड्या येण्यापूर्वी पाचूबंदरच्या किंवा अर्नाळ्याच्या कोळ्याचा दिनक्रम या दोन वाऱ्यांनी आखून दिलेला असे. पहाटे मतलईवर शीड सोडून बाहेर पडावे आणि दुपारनंतर खाऱ्यावर घरी यावे, हा साधा हिशेब होता. आता ‘खारा’ या नावाकडे पाहा. वारा जमिनीवर येतो, परंतु त्याला नाव मिळाले ते खाऱ्या पाण्याचे. ज्या ठिकाणाहून तो निघाला त्या ठिकाणचा गुण अंगावर घेऊन तो येतो, आणि उंबरठ्यावर उभ्या असलेल्या माणसाला त्या गुणाशीच कर्तव्य असते. वारा ओलावा आणील की धूळ, पाऊस आणील की उकाडा, हे त्याच्या उगमावर अवलंबून आहे. तो पुढे कोणाच्या अंगणात जाईल, याची चिंता ज्याची त्याने करावी!

ही दृष्टी फार जुनी आहे. संस्कृत कवींचा मलयानिल मलय पर्वतावरून निघतो म्हणून त्याचे ते नाव. तो कोणत्या नगरीत पोहोचला यावरून त्याचे नाव बदलत नाही. आपल्या वसईच्या शेजारचे नालासोपारा हे प्राचीन शूर्पारक बंदर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील एका ग्रीक खलाशाने तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानापर्यंतच्या बंदरांचे जे वर्णन लिहून ठेवले आहे, त्यात सोपाऱ्याचा उल्लेख येतो. त्याच ग्रंथात हिप्पालस नावाच्या एका तांडेलाने भर समुद्रातून थेट हिंदुस्थानास येण्याचा मार्ग शोधून काढल्याचे सांगितले असून, त्यावरून नैर्ऋत्येच्या वाऱ्यालाच त्याचे नाव पडले, असेही म्हटले आहे. अरबांनी वाऱ्याला ऋतूचे नाव दिले. ‘मौसिम’ म्हणजे हंगाम. त्यावरून पोर्तुगीजांचा शब्द आला, त्यावरून इंग्रजांचा ‘मान्सून’ झाला, आणि आपण ‘मोसमी वारे’ म्हणू लागलो. कोणी वाऱ्याला उगमाचे नाव दिले, कोणी शोधकाचे, कोणी हंगामाचे. मुक्कामाचे नाव देण्याची कल्पना मात्र यांपैकी कोणासही सुचली नाही.

मग घोटाळ्याला जागा कोठे राहिली? ती दाखविण्यासाठी वसईच्या किल्ल्याकडे वळू. १५३४ साली गुजरातच्या सुलतानाकडून पोर्तुगीजांकडे गेलेला हा मुलूख चिमाजीअप्पांच्या मोहिमेने १७३९ च्या मे महिन्यात मराठ्यांच्या हाती आला. मे महिना म्हणजे पावसाळा तोंडावर. त्या दिवसांत वारा समुद्राकडून, म्हणजे पश्चिम आणि नैर्ऋत्य यांच्या दरम्यानच्या दिशेने येतो. अशा वाऱ्यात किल्ल्याच्या बुरुजावर निशाण फडकत असले, तर त्याचे टोक कोठे वळेल? पूर्वेस, तुंगारेश्वराच्या डोंगराकडे. निशाणाच्या टोकाकडे पाहून कोणी ‘वारा तुंगारेश्वराचा’ असे लिहून ठेवले, तर त्याने डोळ्यांनी पाहिले ते खरे, पण लिहिले ते नेमके उलटे. निशाण वारा जातो कोठे हे दाखविते. भाषा तो येतो कोठून हे सांगते. पाहणे आणि सांगणे यांतील हे अंतर माणूस नकळत भरून काढतो, कारण समोरचा समुद्र, अंगावर येणारे तुषार आणि नाकाला जाणवणारा वास ही साक्ष त्याच्याजवळ असते.

आता किल्ल्याच्या पायथ्याशी उतरून वसईच्या खाडीकडे पाहू. उल्हास नदीचे पाणी या खाडीने समुद्रास मिळते, आणि भरतीच्या वेळी समुद्राचे पाणी याच वाटेने आत चढते. या पाण्याच्या ओढीविषयी नाविकांचा नियम वाऱ्याच्या नियमाच्या उलट आहे. ‘पूर्वेची ओढ’ म्हणजे पूर्वेकडे नेणारी ओढ. जगभरच्या नाविकांच्या नकाशांवर प्रवाहाची दिशा तो जेथे जातो तीच लिहिलेली असते. एकाच गलबतावर, एकाच घटकेस, एकच तांडेल वाऱ्याची दिशा उगमावरून आणि पाण्याची दिशा मुक्कामावरून सांगतो, आणि त्यात त्याला विसंगती वाटत नाही. याचे कारण उघड आहे. वारा त्याच्यावर येऊन आदळतो, म्हणून तो कोठून आला हे त्याला हवे. पाणी त्याला घेऊन जाते, म्हणून ते कोठे नेणार हे त्याला हवे. स्थिर उभ्या असलेल्याचा प्रश्न ‘कोठून’ हा, आणि वाहून जाणाऱ्याचा प्रश्न ‘कोठे’ हा. हे एक सूत्र हाती धरले म्हणजे पुढील सारा इतिहास उलगडतो.

यंत्रांनीही प्रथम उभ्या माणसाचीच बाजू घेतली. अथेन्स नगरीत सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी बांधलेला अष्टकोनी ‘वाऱ्यांचा मनोरा’ आजही उभा आहे. त्याच्या आठ बाजूंवर आठ वायुदेवता कोरल्या असून, माथ्यावर काशाचा एक जलदेव बसविलेला होता. तो वाऱ्याकडे तोंड करून फिरे आणि हातातील काठीने जो वारा सुटला असेल त्याच्या मूर्तीकडे निर्देश करी. आपण पाहतो त्या वातकुक्कुटाचा हा पूर्वज. पुढे १६८६ साली एडमंड हॅली याने व्यापारी वारे आणि मोसमी वारे दाखविणारा नकाशा प्रसिद्ध केला. त्यात आपला अरबी समुद्रही आहे. हॅलीने वारा बारीक रेघांनी दाखविला आणि सोबत स्पष्टीकरण दिले की, रेघेचे अणकुचीदार टोक वारा जेथून येतो त्या दिशेस आहे. हे स्पष्टीकरण त्यास द्यावे लागले, यातच सर्व आले. आज शाळेतील मुलाच्या नकाशात बाणाचे टोक वारा जेथे जातो तिकडे असते. चित्र सारखेच, अर्थ उलटा; आणि खाली लिहिलेली एक ओळ काय ती दोहोंमधील खूण.

आपल्याकडे वाऱ्याची पद्धतशीर नोंद करण्याचे काम मुंबईस कुलाबा वेधशाळेत सुरू झाले. ही वेधशाळा १८२६ साली ईस्ट इंडिया कंपनीने स्थापन केली, आणि १८४१ पासून प्राध्यापक ऑर्लेबार यांच्या देखरेखीखाली तेथे चुंबकीय व हवामानविषयक निरीक्षणे नियमितपणे होऊ लागली. पुढे पुण्यास गणिताचे नामांकित प्राध्यापक झालेले केरो लक्ष्मण छत्रे तरुणपणी येथेच साहाय्यक होते. ठराविक वेळी उठावे, उपकरण पाहावे, आकडा लिहावा, हे काम वरवर नीरस. परंतु एका माणसाचा आकडा दुसऱ्याने शंभर वर्षांनी वाचला तरी अर्थ तोच निघाला पाहिजे, ही शिस्त त्यातूनच निर्माण झाली. १८७५ साली हिंदुस्थान सरकारचे हवामान खाते स्थापन झाले. त्याच सुमारास निरनिराळ्या देशांच्या वेधशाळाही एकमेकींशी मेळ घालून नोंदी ठेवू लागल्या. पुढे वाऱ्याची दिशा उत्तरेपासून उजवीकडे अंशांत मोजण्याची पद्धत रूढ झाली: पूर्वेचा वारा ९०, दक्षिणेचा १८०, पश्चिमेचा २७०, उत्तरेचा ३६०. विमानतळांच्या हवामान-संदेशांत शून्य हा आकडा वारा पडला असता लिहावयाचा, म्हणून उत्तरेच्या वाऱ्यास शून्य न लिहिता ३६० लिहितात.

येथे आपल्या भाषेचा एक विशेष सांगण्यासारखा आहे. ‘पश्चिमेकडून’ आणि ‘पश्चिमेकडे’ या दोन शब्दांत फरक फक्त शेवटच्या अक्षरांचा. परंतु त्या अक्षरांत संपूर्ण अर्धवर्तुळ सामावले आहे. मराठी बोलणारा मनुष्य हा फरक सहसा चुकत नाही. ‘२७०’ या आकड्याला मात्र विभक्ती नाही. तो ‘कडून’ आहे की ‘कडे’ आहे, हे आकडा स्वतः सांगू शकत नाही. शब्दाचा आकडा झाला त्या दिवशी सोय झाली आणि त्याच दिवशी धोकाही निर्माण झाला.

विमान आले आणि हा धोका जिवावर बेतण्याजोगा झाला. मुंबईस जुहूचा विमानतळ १९२८ साली सुरू झाला, आणि १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन तेथे उतरले. विमानाला उतरताना व उडताना वारा समोरून हवा असतो. कारण पंखांना आधार देतो तो हवेचा वेग, आणि समोरचा वारा जितका अधिक तितके जमिनीवरून कमी वेगाने धावून भागते. विमानतळावर वाऱ्याची जी कापडी पिशवी टांगलेली असते, तिचे तोंड वाऱ्याच्या उगमाकडे आणि शेपूट मुक्कामाकडे असते, म्हणजे ती किल्ल्यावरील निशाणाचीच बहीण. धावपट्टीला मात्र विमान जिकडे तोंड करून धावते त्या दिशेचा आकडा दिलेला असतो. आज मुंबईच्या विमानतळाची मुख्य धावपट्टी पूर्व-पश्चिम आहे. पश्चिमेस तोंड करून उतरले तर तीच २७, पूर्वेस तोंड करून उतरले तर ०९. आता मौज पाहा. धावपट्टी २७ आणि वारा २७० हे दोन आकडे सारखे दिसतात, पण पहिला ‘कडे’ आहे आणि दुसरा ‘कडून’. म्हणूनच ते जुळले की विमान आणि वारा समोरासमोर आले, असे वैमानिक एका दृष्टिक्षेपात ताडतो. जुनी रीत आकाशयुगातही टिकून राहिली, त्यात ही सोय मोठी आहे.

परंतु विमान जमीन सोडते त्याच क्षणी त्याची अवस्था पालटते. आता ते खाडीतील होडीसारखे हवेच्या ओघात आहे, आणि वारा त्याला आपल्याबरोबर नेत आहे. वाटाडे वैमानिक पूर्वी कागदावर वाऱ्याचा त्रिकोण काढीत: एक रेघ विमानाच्या हवेतील गतीची, दुसरी वाऱ्याची, आणि तिसरी जमिनीवरील प्रत्यक्ष मार्गाची. यातील वाऱ्याची रेघ तो जेथे वाहतो तिकडे काढावी लागते, नाही तर त्रिकोण जुळत नाही. संदेशात ‘कडून’ आलेला वारा कागदावर ‘कडे’ करून घेण्याचे हे काम पेन्सिल धरणारा हात सवयीने करी. यंत्र येईपर्यंत ते काम कोणी नियमात बांधून ठेवण्याची गरज नव्हती.

जमिनीवर बसून उड्डाण शिकविणारे पहिले नामांकित यंत्र अमेरिकेत एडविन लिंक याने बनविले. त्याच्या घरचा धंदा वाद्ये बनविण्याचा; तेव्हा पेटीला असतात तसले भाते वापरून त्याने आपले खोटे विमान डोलते केले, आणि १९३१ साली त्याचे पेटंट मिळविले. १९३४ साली अमेरिकन सैन्याने टपाल वाहण्याचे काम अंगावर घेतले असता खराब हवेत अनेक वैमानिक मृत्युमुखी पडले, तेव्हा सरकारने लिंककडून सहा यंत्रे विकत घेतली. अंधारात उपकरणांवर विसंबून उडण्याचे शिक्षण देणे हे त्या यंत्राचे प्रयोजन, आणि ते कोणत्या हानीतून निर्माण झाले हे विसरता कामा नये. पुढे संगणक आले. ब्रूस आर्टविक यांनी लहान घरगुती संगणकांवर चालणारा सिम्युलेटर १९७९ च्या सुमारास तयार केला व १९८२ साली तो मायक्रोसॉफ्टच्या नावाने निघाला. १९९७ पासून ‘फ्लाइटगिअर’ ही सर्वांना खुली असलेली आज्ञावली प्रसिद्ध होऊ लागली. आज वसई-विरारमधील एखादा विद्यार्थी आपल्या खोलीत बसून मुंबईच्या धावपट्टीवर उतरण्याचा सराव करू शकतो.

या आज्ञावलीच्या पोटात काय चालते? संगणकाला हवेचा ओघ दोन आकड्यांत सांगतात: उत्तरेकडे किती आणि पूर्वेकडे किती. हे आकडे त्रिकोणातील रेघेचे वारस, म्हणून ते ‘कडे’च्या भाषेत असतात. समजा, संदेश आला की वारा २४० अंशांवरून, वेग २० नॉट. हा वारा ६० अंशांकडे, म्हणजे ईशान्येच्या बाजूस जातो. तेव्हा त्याचा उत्तरेकडील भाग १० नॉट आणि पूर्वेकडील भाग सुमारे १७ नॉट, दोन्ही धन. परंतु लिहिणाऱ्याने २४० हा आकडा जसाच्या तसा गणितात घातला, तर हेच दोन आकडे ऋण होऊन बाहेर पडतात. आकडे तेच, चिन्ह मात्र उलटे! आणि चूक वाऱ्याच्या वेगाइतकी न राहता दुप्पट होते. हवेत १४० नॉट वेगाने उतरणाऱ्या विमानाला समोरून २० नॉटचा वारा असेल तर जमिनीवरील वेग १२०. तोच वारा पाठीमागून धरला तर १६०. थांबण्यास लागणारे अंतर ढोबळ मानाने वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते, म्हणजे ते जवळजवळ पावणेदोनपट झाले.

याहून वाईट प्रकार असा की, आज्ञावली अनेक हातांनी लिहिली जाते. एकाने हवेचे गणित लिहिले, दुसऱ्याने पडद्यावरील पिशवी रंगविली, तिसऱ्याने ढग सरकविले. त्यांतील दोघांनी ‘कडून’ धरले आणि एकाने ‘कडे’, तर पडद्यावरील पिशवी एक सांगते आणि विमानाच्या पंखांना दुसराच वारा लागतो. आपल्या प्रदेशात हा दोष लपून बसण्यास आणखी एक कारण आहे. पावसाळ्यात जमिनीलगत वारा पश्चिमेकडून येतो, तर सुमारे १५ किलोमीटर उंचीवर पूर्वेकडून येणारा प्रबळ झोत असतो. या झोताचा शोध कोटेश्वरम् या भारतीय शास्त्रज्ञांनी १९५० नंतरच्या दशकात लावला. उंचीवर वारा उलटलेला दिसला म्हणजे तो निसर्गाने उलटविला की चिन्हाने, हे पाहणाऱ्यास सहज कळत नाही.

दिशेच्या प्रश्नाला एक धाकटा भाऊही आहे: उत्तर कोणती धरावयाची? पृथ्वीच्या आसाची खरी उत्तर आणि होकायंत्राची उत्तर यांत स्थलपरत्वे फरक असतो. हवामानाच्या लेखी संदेशात वारा खऱ्या उत्तरेपासून मोजलेला असतो. विमानतळाच्या मनोऱ्यावरून वैमानिकास तोंडी सांगतात तो आणि धावपट्टीचा आकडा हे दोन्ही साधारणतः होकायंत्राच्या उत्तरेपासून. कुलाब्याची चुंबकीय निरीक्षणे १९०४ साली अलिबागेस नेण्यात आली, कारण मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येऊ घातल्या होत्या आणि त्यांच्या प्रवाहाने नाजूक सुया विचलित झाल्या असत्या. आकड्याच्या शुद्धतेसाठी आपल्या पूर्वसूरींनी वेधशाळेचे बिऱ्हाड समुद्रापलीकडे हलविले! मुंबई-वसईकडे या दोन उत्तरांतील फरक एका अंशाच्या आतबाहेर आहे. म्हणून येथे बसून आज्ञावली तपासणाऱ्यास चूक दिसणारही नाही, आणि तीच आज्ञावली अलास्काच्या विमानतळावर दहा-पंधरा अंशांनी फसेल.

तेव्हा निवड कोणती करावी? इतिहासाने दिलेले उत्तर असे आहे की, दोन्ही रीती आपापल्या जागी योग्य आहेत. जेथे माणूस वाचतो किंवा ऐकतो, तेथे ‘कडून’च ठेवावे, कारण हवामान खाते, विमानतळ, कोळीवाडा आणि कविकुल या सर्वांचा त्यावर एकमताने शिक्का आहे, आणि शिकाऊ वैमानिकाला उद्या खऱ्या मनोऱ्यावरून तेच ऐकावयाचे आहे. जेथे यंत्र गणित करते, तेथे ‘कडे’ धरावे. एका भाषेतून दुसरीत जाण्याची जागा मात्र एकच असावी, आणि त्या जागी आकड्याच्या नावातच ‘कोठून’ किंवा ‘कोठे’ हे लिहिलेले असावे. नुसते ‘वाऱ्याची दिशा’ असे नाव कधीही देऊ नये. हॅलीने १६८६ साली आपल्या रेघांखाली जी एक ओळ लिहिली, तीच ही ओळ.

पावसाळ्याच्या तोंडावर आकाशवाणीवरून कोळीबांधवांना वाऱ्याचा इशारा दिला जातो. तो ऐकणारा तांडेल वारा कोठून येणार एवढेच विचारतो, आणि खाडीच्या पाण्याकडे पाहून ओढ कोठे नेईल हे स्वतः ठरवितो. दोन प्रश्न वेगळे आहेत हे त्याला कोणी शिकविलेले नाही. समुद्राने शिकविले आहे. संगणकाला समुद्र ठाऊक नाही. त्याला जे ठाऊक असावे असे आपणांस वाटते, ते आपणच शब्दांत लिहून दिले पाहिजे.